खड्डा ताऱ्याचा नव्हता

धुरी गेल्याचं कळलं तेव्हा मी मुलुंडला बँकेत केवायसीच्या रांगेत उभी होते. फोनवर त्यांची मुलगी अस्मिता होती. "मॅडम, बाबा गेले. सकाळी साडेनऊला," एवढं बोलून ती थांबली आणि मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "बाबांच्या ऑफिसातल्या कोणाकोणाला कळवायचं, तुम्ही बघाल का? माझ्याकडे नंबर नाहीत." बघते म्हणाले. रांगेतून बाहेर आले, बँकेच्या पायरीवर बसले आणि मोबाइलमधली नावं चाळायला लागले. धुरींना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. ज्यांना कळवायचं त्यांतले निम्मे परदेशात, दोघे-तिघे आधीच गेलेले, आणि उरलेल्यांपैकी एकाने मला विचारलं, "धुरी म्हणजे... ते गॅसवाले ना?" हो म्हटलं, तेच गॅसवाले. मग रिक्षा केली आणि लिंक रोडने जोगेश्वरी गाठली.

त्याला आता सहा आठवडे झाले. सदानंद धुरी हे काही प्रसिद्ध गृहस्थ नव्हते. अंधेरीला औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला आमच्या संस्थेची डिटेक्टर बनवायची प्रयोगशाळा आहे, तिथे ते तंत्रज्ञ होते. त्यांच्यावर लेख लिहावा असं मला त्यांच्या हयातीत कधी सुचलं नाही. आज लिहितेय ते एका कारणासाठी. त्यांच्यात आणि माझ्यात घडलेली एक गोष्ट मी गेली वीस वर्षं विद्यार्थ्यांना, पाहुण्यांना, एकदोन मुलाखतींतही सांगत आले, आणि ती दर वेळी अर्धीच सांगितली.

धुरींचे वडील परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कुटुंब खोली विकून जोगेश्वरीला आलं, पूर्वेला, गुंफांच्या मागच्या चढावर. सदानंद आयटीआयला फ्रिज-एसीचं काम शिकले आणि नऊ वर्षं अंधेरीत एका फ्रिजच्या कारखान्यात गॅस भरायच्या कामावर होते. तिथून आमच्याकडे आले. आमच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेट मिळवलेली माणसं पैशाला पासरी होती, पण एखाद्या डब्यातून वायू गळतोय की नाही हे सांगणारा माणूस एकच. उंचीने बेताचे, अंगाने काटक, डोक्याला कायम टोपी, कारण केस आत पडता कामा नयेत. बोलणं तुटक आणि मुंबईचं, पण चिडले किंवा खूश झाले की मालवणीत घसरायचे. चिडायचे पुष्कळ. हात न धुता कोणी झडपेला हात लावला तर ते त्याच्या पदाचा मुलाहिजा ठेवत नसत. एकदा आमच्या प्रमुखांनाच त्यांनी दारातून परत पाठवलं होतं, "सर, आधी बूट." मला ते म्हणाले होते, "गॅसला बाहेरच जायचं असतं, मॅडम. आपण फक्त त्याला उशीर करतो."

मी काय काम करत होते ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठा तारा मेल्यावर उरलेला त्याचा गाभा. वस्तुमान सूर्याहून जास्त आणि आकार एवढासा, की बोरिवली ते दादरमध्ये मावेल. (हे मी धुरींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमची जोगेश्वरी बरोबर मध्ये. खोली गेली.") या ताऱ्यांचं चुंबकत्व अफाट असतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण अर्धा गॉस (हे चुंबकत्व मोजायचं माप), फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाचं शंभरेक गॉस, आणि न्यूट्रॉन ताऱ्याचं लाख कोटी. तिथे जाऊन कोणी मोजणार नाही. पण शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढला जाऊन त्याच्या ध्रुवांवर कोसळतो, भयंकर तापतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. एवढ्या चुंबकत्वात इलेक्ट्रॉनांना मनासारखं फिरता येत नाही, ठरावीक ऊर्जेच्या पायऱ्यांवरच राहावं लागतं, आणि त्या पायरीएवढ्या ऊर्जेचे क्ष-किरण ते वाटेत अडवतात. त्यामुळे ताऱ्याच्या क्ष-किरणांचा आलेख, म्हणजे स्पेक्ट्रम, काढला की एका जागी खड्डा दिसतो. खड्डा कुठल्या ऊर्जेला पडलाय ते वाचायचं, त्यावरून चुंबकीय क्षेत्र काढायचं. अशा ताऱ्याचं चुंबकत्व इतक्या थेटपणे मोजायचा दुसरा मार्ग जवळजवळ नाहीच.

क्ष-किरण हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून डिटेक्टर उपग्रहावर. आमचा डिटेक्टर म्हणजे झेनॉन वायू भरलेला ॲल्युमिनियमचा डबा, आत केसाएवढ्या तारांच्या रांगा. क्ष-किरण आत शिरला की विजेचा एक बारीक ठोका मिळतो, आणि ठोका जितका मोठा तितकी त्या किरणाची ऊर्जा जास्त. म्हणजे डबा हीच आमची फुटपट्टी. असे दोन डबे बनवले होते, दोन्ही धुरींच्या हाताखालून गेलेले, दोन्हींत झेनॉन त्यांनीच भरलेला. एक उपग्रहावर गेला. दुसऱ्याला सगळे जुळा म्हणत. वर काही बिघाड झालाच तर ताडून बघायला म्हणून तो अंधेरीला सीलबंद ठेवला होता. समितीच्या परवानगीशिवाय त्याची झडप उघडायची नाही, असा लेखी नियम होता.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. तात्पुरत्या नेमणुकीचं तिसरं आणि शेवटचं वर्ष चाललं होतं. आमच्या उपग्रहाने एका न्यूट्रॉन ताऱ्याचं लांबलचक निरीक्षण केलं, त्या आलेखावर मी चार महिने बसले आणि मला खड्डा सापडला. छत्तीस किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला (क्ष-किरणांची ऊर्जा या मापात मोजतात), स्पष्ट, सहज दिसणारा. त्यावरून क्षेत्र आलं चार लाख कोटी गॉस. त्या ताऱ्याचं चुंबकत्व आधी कोणी मोजलं नव्हतं. प्रमुख स्वतः माझ्या खोलीत आले, आलेख बघून म्हणाले, "छान. परदेशातल्या परिषदेत तूच सांग हे." त्या वर्षी एकच कायम जागा निघणार होती आणि ती मला मिळेल असं सगळे धरून चालले होते. मी आलेख मोठ्या कागदावर छापून खोलीच्या भिंतीला लावला. आईला मुलुंडहून बोलावून दाखवला. तिने विचारलं, "खड्डा चांगला का गं?" मी म्हटलं, "हा चांगला."

परिषदेला तीन आठवडे होते तेव्हा धुरी माझ्या दारात आले. हातात आलेखाच्या कागदाची गुंडाळी.

"मॅडम, पाच मिनिटं आहेत?"

"बोला ना."

त्यांनी गुंडाळी टेबलावर पसरली. डिटेक्टरची फुटपट्टी बरोबर आहे ना हे बघण्यासाठी उपग्रहावरच एक किरणोत्सर्गी कण बसवलेला असतो. त्याच्या किरणांची ऊर्जा पक्की माहीत असते. ते कुठल्या आकड्यावर दिसतात हे रोज सकाळच्या अहवालात छापून यायचं. आम्ही संशोधक ते आकडे तीन महिन्यांनी एकदा, सरासरी काढून बघायचो. धुरी ते रोज बघत, आणि रोज पेन्सिलीने कागदावर एक ठिपका देत. त्यांना हे काम कोणी सांगितलं नव्हतं. ठिपक्यांची रांग बरेच दिवस सपाट गेली होती आणि मग, हळूहळू, वर चढायला लागली होती. माझ्या ताऱ्याचं निरीक्षण झालं ते नेमकं त्या चढावर.

"डबा गळतोय वर," धुरी म्हणाले. "थोडा. पण गॅस कमी झाला की ठोका मोठा येतो. फुटपट्टी ताणली गेलीय, मॅडम."

मग त्यांनी भिंतीवरच्या आलेखाकडे बोट केलं. झेनॉनची एक खोड आहे. साडेचौतीसच्या आसपास तो क्ष-किरण गिळायची रीत बदलतो, आणि ती नीट हिशेबात धरली नाही तर तिथे खोटा खड्डा दिसू शकतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते हिशेबात धरलेलं होतं, पण उड्डाणाआधीच्या फुटपट्टीने. मी म्हटलं, "माझा खड्डा छत्तीसला आहे, साडेचौतीसला नाही." ते म्हणाले, "तेच तर. ताणलेल्या पट्टीवर साडेचौतीस कुठे दिसेल?"

उत्तर छत्तीस येतं हे मला दिसत होतं, आणि त्याचाच राग आला. मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "धुरी, तुम्ही गॅस भरा. स्पेक्ट्रम मी बघते."

त्यांनी कागद गुंडाळला, "बरं" म्हणाले आणि गेले.

मी तो दिवस आणि पुढचे तीन दिवस कामाला हात लावला नाही, म्हणजे त्या कामाला. इतर सगळं केलं. व्हिसाचे कागद, परिषदेतल्या भाषणाच्या पारदर्शिका. रोजचे अहवाल मागवून तो चढ स्वतः तपासणं तासाभराचं काम होतं. तेवढं सोडून सगळं केलं.

चौथ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा निरोप आला, खाली या. आमच्या स्वच्छ खोलीत जायचं म्हणजे टोपी, कोट, पायांत पिशव्या. आत गेले तर जुळा टेबलावर मांडलेला, त्याच्यासमोर क्ष-किरणांची नळी, आणि शेजारी संगणकावर आलेख हळूहळू भरत होता. त्या नळीतून निघणारे किरण साधे, सपाट. त्यांत कुठलाही तारा नाही, चुंबकत्व नाही, इलेक्ट्रॉनांच्या पायऱ्या नाहीत. धुरी स्टुलावर बसून होते. मी बघत राहिले. आलेख भरत गेला आणि छत्तीसला खड्डा पडला. माझाच. तोच आकार, तीच खोली. भिंतीवरचा कागद आणून त्याच्यावर ठेवला असता तर बसला असता.

"तुम्ही गॅस सोडलात?" मी विचारलं.

"सोडला. वरच्याइतकाच, मोजून."

"परवानगी?"

"मागितली असती तर समिती बसली असती. समिती बसेपर्यंत तुम्ही तिकडे बोलून आला असता." मग म्हणाले, "तारांचं व्होल्टेज वाढवूनपण ठोका मोठा करून असंच दाखवता आलं असतं. पण तुम्ही म्हणाला असता, वर व्होल्टेज कुठे वाढलंय? म्हणून गॅसच सोडला." आणि खड्ड्याकडे बघत, आवाज एकदम खाली आणून, जणू घरातल्या माणसाशी बोलावं तसं: "गो बाय, तो खड्डो ताऱ्याचो न्हय. आपल्या डब्याचो आसा."

मी तिथेच, टोपी-कोटासकट, रडले. ते उठून बाहेर गेले आणि दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा काहीच न झाल्यासारखे नळी बंद करायला लागले.

इथपर्यंतची गोष्ट मी नेहमी सांगते. पुढे सांगते की मी परिषदेतलं भाषण मागे घेतलं. तेही खरं आहे. त्याऐवजी आमच्या गटाने फुटपट्टी ताणली गेल्याची माहिती सगळ्यांना कळवली, त्या डिटेक्टरवर काम करणारे इतर लोकही खोट्या खड्ड्यांपासून वाचले, आणि मला परदेशातून पत्रं आली. चार महिन्यांचं काम स्वतःच्या हाताने मोडणारी तरुण संशोधक, असं कौतुक झालं. कायम जागा त्या वर्षी दुसऱ्याला गेली, पण पुढच्या वर्षी निघाली ती मला मिळाली, आणि मुलाखतीत पहिलाच प्रश्न या प्रकरणावर होता. त्या प्रामाणिकपणावर माझी नोकरी उभी आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता जे सांगत नाही ते. प्रयोगानंतर दोन दिवसांनी प्रमुखांनी बैठक बोलावली. जुळ्याचं सील तुटलं होतं, त्यातला झेनॉन उडाला होता, आणि तो पुन्हा होता त्याच स्थितीला आणणं शक्य नव्हतं. प्रमुख संतापले होते आणि नियमाप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. टेबलाभोवती आम्ही सात जण. त्यांनी विचारलं, "हे कोणाच्या सांगण्यावरून झालं?" धुरी माझ्या समोरच्या खुर्चीत होते. मी एवढंच म्हणायला हवं होतं की हे माझ्या कामासाठी झालं, त्यांनी आधी माझ्याकडे येऊन सांगितलं होतं, मी ऐकलं नाही म्हणून त्यांना हे करावं लागलं. तीन वाक्यं. मी वहीत बघत बसले. धुरींनी दोन-चार क्षण वाट बघितली. माझ्याकडे बघितलं की नाही मला माहीत नाही, कारण मी वर बघितलंच नाही. मग म्हणाले, "कोणाच्या नाही, सर. माझं मीच केलं."

त्यांना मेमो मिळाला. तो त्यांच्या फायलीत गेला आणि त्यांची बढती अडली. पुढे एकदा अडली ती अडलीच. ज्या पदावर ते होते त्याच पदावरून निवृत्त झाले.

ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागले. मला ते बरं वाटायचं आणि खुपायचंही. मी त्यांना त्यानंतर कधी नुसतं "धुरी" म्हटलं नाही, धुरीकाका म्हणायला लागले. मोठं प्रायश्चित्त केल्यासारखं. त्यांना त्यातलं काही वाटलं असेल असं वाटत नाही, तोवर सगळी तरुण मुलं त्यांना काकाच म्हणत होती. त्यांचे ते पेन्सिलीचे ठिपके मात्र आम्ही संगणकात घेतले आणि त्यावरून रोजची वेगळी फुटपट्टी तयार केली. तिच्या जोरावर पाचेक वर्षांनी मला दुसऱ्या एका ताऱ्यात खड्डा सापडला, बावीसला, झेनॉनच्या खोडीपासून चांगला लांब. क्षेत्र अडीच लाख कोटी गॉस. या वेळी मी आलेख भिंतीवर न लावता आधी खाली घेऊन गेले. धुरींनी चष्मा वर करून तो बराच वेळ बघितला, उपग्रहाचे त्या आठवड्यातले ठिपके काढले, गॅसचा दाब विचारला, मागच्या महिन्याच्या आलेखाशी ताडून बघितला. शेवटी म्हणाले, "हा आपला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ताऱ्याचा. झकास. छापा."

त्या शोधनिबंधावर मी त्यांचं नाव लेखकांत घातलं. त्यांनी कुरकुर केली, "माझं कशाला, मला त्यातलं इंग्लिश पण वाचता येत नाही पुरतं." पण अस्मिता तेव्हा कॉलेजात होती, तिने त्याची रंगीत प्रत काढून घरी नेली. मला वाटलं, चला, फिटलं. पण फिटलं नव्हतं हे मला ते निवृत्त झाले त्या वर्षी समजलं. तोवर मी गटाची प्रमुख झाले होते, त्यांची फाईल माझ्या टेबलावर सहीला आली, आणि त्यात तो मेमो होता. पिवळा पडलेला, खाली धुरींची पोच म्हणून केलेली वळणदार सही. तेव्हाही मी त्यावर एक टिपण जोडू शकले असते. जुनं कशाला उकरायचं, निरोप समारंभ आहे, माणूस आनंदात आहे, असं स्वतःला सांगून मी सही केली आणि फाईल पुढे सरकवली.

निवृत्तीनंतर वर्षातून दोनदा तरी मी जोगेश्वरीला जायचे. त्यांची पत्नी सुलभावहिनी बांगड्याचं तिखलं करून वाढायची, आम्ही क्रिकेटवर भांडायचो, ते मला नव्या उपग्रहांबद्दल विचारायचे. शेवटच्या वर्षी फुफ्फुसांनी दगा दिला. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. मी शेवटची भेटले ते जाण्याच्या तीन आठवडे आधी. काका पलंगावर उशांना टेकून बसले होते, नाकात नळी. वहिनी खाली भाजीला गेली होती. मी ठरवून गेले होते, पण तरी अर्धा तास इकडचं तिकडचं बोलले आणि मग एकदम म्हणाले, "काका, त्या बैठकीत मी बोलायला पाहिजे होतं."

कुठली बैठक असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "मेमोत लिहिलेलं खरं होतं. परवानगी नव्हती घेतली."

"मी तुम्हाला आधी हाकलून दिलं होतं, ते नव्हतं लिहिलेलं."

"ते नव्हतं." दम लागला म्हणून थांबले. "वाईट वाटलं होतं तेव्हा. खोटं कशाला बोलू? गॅस भरा म्हणालात ना, त्याचं नाही. तो माझा धंदाच. पण बैठकीत मला वाटलं, आता मॅडम बोलतील... आता बोलतील." पुन्हा थांबले. "नंतर गेलं ते. रोज त्याच माणसांबरोबर काम करायचं तर किती दिवस धरून बसणार?"

मी माफी मागितली. ते "असू दे" म्हणाले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मान हलवली आणि म्हणाले, "घरी यातलं माहीत नाही हां. बढती सगळ्यांचीच थांबली, असं सांगितलंय मी." तेवढ्यात वहिनी आली आणि आम्ही भेंडीच्या भावावर बोलायला लागलो.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी अंधेरीच्या प्रयोगशाळेत आम्ही शोकसभा घेतली. तीसेक माणसं जमली. पहिल्या रांगेत वहिनी आणि अस्मिता. दोघा सहकाऱ्यांनी माझ्याआधी तीच गोष्ट सांगितली, जुळ्याची आणि खोट्या खड्ड्याची, माझ्याकडे कौतुकाने बघत. मग मला बोलावलं. धुरींनी घरी सांगितलं नव्हतं हे मला माहीत होतं, त्यांची ती शेवटची इच्छा धरली तर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी याआधीही गप्प बसले होते, आणि दर वेळी गप्प बसण्याचा फायदा माझाच होता. मी उरलेली अर्धी गोष्ट सांगितली. बैठक, मेमो, वही, निवृत्तीच्या फायलीवरची सही. मी खाली येऊन बसले. चहाच्या वेळी एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस," आणि मला ते ऐकवलं नाही. वहिनी चहा न घेता निघून गेली. अस्मिता तिच्या मागोमाग गेली, जाताना माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. ती हो म्हणणारी होती की नाही, मला कळलं नाही.

मी आठ-दहा दिवस फोन केला नाही. काय बोलणार? मग गेल्या रविवारी सरळ गेले. वहिनीने दार उघडलं. इतकी वर्षं ती मला "मॅडम, या" म्हणायची. या वेळी दारात तशीच उभी राहिली, एक हात कडीवर.

"तेव्हाच बोलाक व्हया होतंस गो," ती म्हणाली.

"हो."

"बढती नाही म्हणून मी त्यांना काय काय बोलली असेन. तोंड उघडत नाहीत साहेबापुढे, म्हणून. वर्षानुवर्षं बोलली." तिचे डोळे कोरडे होते. "आणि तो मेलो गप ऱ्हवलो. तूपण गप, तोपण गप."

ती बाजूला झाली आणि म्हणाली, "ये आत. चाय ठेवतंय."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. पलंग काढून टाकला होता, यंत्र परत गेलं होतं, त्यामुळे बाहेरची खोली मोठी झाल्यासारखी वाटत होती. वहिनीने पातेलं चढवलं, आधण यायच्या आत शेगडी फुसफुसली आणि विझली. सिलिंडर संपला होता. तिने गॅलरीतून भरलेला सिलिंडर बुडाच्या कडेवर फिरवत आत आणला. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "ऱ्हवांदे." रिकामा काढला, भरलेला लावला, रेग्युलेटर कटकन बसवला. मला वाटलं आता लायटर घेईल. पण तिने मोरीच्या फळीवरून एक वाटी आणि जुना दाढीचा ब्रश घेतला, वाटीत साबण कालवला, फेस केला आणि तो ब्रशने रेग्युलेटरच्या भोवती, मग नळीच्या जोडावर, मग शेगडीच्या तोंडाशी लावत गेली. घाई न करता, कुठेही जागा न सोडता.

"हे काका करायचे?" मी विचारलं.

"दर वेळी. लग्न झाल्यापासून. मी हसायची." तिने ब्रश वाटीत ठेवला. "मिनिटभर बघायचं. बुडबुडा आला की गळतंय. मिनिट झाल्याबिगर पेटवायचा नाय, सांगून ठेवलंय."

मी तिच्या शेजारी उकिडवी बसले. फेस रेग्युलेटरवर तसाच होता. आम्ही दोघी वाकून त्याच्याकडे बघत राहिलो, मिनिट पुरं होईपर्यंत. बुडबुडा आला नाही. वहिनीने फडक्याने फेस पुसला आणि गॅस पेटवला.